आजीच्या मेंदीचं शेवटचं कडवं

भाचीचा टोरांटोहून फोन आला. तिच्या तिथल्या मैत्रिणींनी नवरात्रीत एक दिवस गरबा ठरवलाय आणि त्यात तिला ‘मेंदी ते वावी माळवे’ म्हणायचंय. “नेटवर ढीगभर आहेत गं आत्या, पण सगळी तीन कडव्यांत आटपतात. बाबा म्हणतात पणजी म्हणायची ते खूप लांब होतं. ते अख्खं मला पाठव ना.”

फोन ठेवला आणि वही काढली. माझ्या आजीचं ते गाणं मी 1984 साली, कॉलेजात असताना, तिच्या तोंडून उतरवून घेतलं होतं. लिपी देवनागरी, भाषा गुजराती, आणि मध्ये मध्ये आजीचं स्वतःचं मराठी शिरलेलं. वही उघडली तर त्या पानावर मेंदीचा एक तपकिरी डाग. कोणाच्या बोटाचा, ते आता सांगता येणार नाही.

बडोद्यात राहणाऱ्यांना पहिली ओळ सांगायला नको. ‘मेंदी ते वावी माळवे ने एनो रंग गयो गुजरात रे, मेंदी रंग लाग्यो.’ मेंदी लावली माळव्यात आणि तिचा रंग गेला गुजरातेत. ‘वावी’ म्हणजे पेरली, लावली. आपल्या वावराची आठवण यावी असा शब्द आहे. पुढे धाकटा लाडका दीर मेंदीचं रोप आणतो, पानं वाटून घोटून वाटी भरतो आणि म्हणतो, वहिनी, हात रंगवा. त्यावर ती जे उत्तर देते ना, तिथे गाण्याचा खरा दरवाजा उघडतो. ‘हाथ रंगीने वीरा शुं रे करुं, एनो जोनारो परदेश रे.’ हात रंगवून करू काय, बघणारा परदेशी आहे.

‘जोनारो’ हा शब्द मला फार आवडतो. नवरा, धनी, प्रियकर असलं काही ती म्हणत नाही. बघणारा म्हणते. जो बघेल त्याच्यासाठी मेंदी.

मैदानावर गाणं साधारण इथवर येतं आणि संपतं. ढोल वाढतो, गायक दुसऱ्या गरब्यात शिरतो, हजारो माणसं टाळी बदलतात. मी चाळीसेक वर्षं बडोद्यातल्या लहानमोठ्या मैदानांत गरबा खेळले, आता गुडघ्यांमुळे कडेला खुर्चीत बसते, पण आजीचं शेवटचं कडवं मला माइकवर एकदाही ऐकायला मिळालेलं नाही.

आजी मूळची इंदूरची. माहेर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, सासर बडोद्याला दांडिया बाजारात. 1946 साली लग्न करून आली तेव्हा तिला गुजराती ओ की ठो येत नव्हतं. त्या वेळी इंदूरहून रतलामपर्यंत मीटर गेजची छोटी गाडी, रतलामला उतरायचं, ट्रंका हमालाच्या डोक्यावर, आणि मग ब्रॉड गेजच्या मोठ्या गाडीत बसून दाहोद, गोध्रा करत बडोदा. दाहोद हे माळवा आणि गुजरातच्या हद्दीवरचं गाव. दोन हद्दी म्हणून दाहोद, असं लोक सांगतात. आजी म्हणायची, “दाहोद आलं की मी डोक्यावरचा पदर नीट करून घेई. इथून पुढे सासर.”

वाड्याला लागून एका गुजराती कुटुंबाचं घर होतं. दोन्ही ओटले एकमेकांना चिकटलेले. त्या घरातल्या बा आजीपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या. मूळच्या चरोतरच्या, आणंदकडच्या. त्यांचा नवरा पूर्व आफ्रिकेत. चरोतरातल्या किती घरांतले पुरुष तेव्हा असे बोटीने मोंबासाला उतरून आत कुठे कुठे दुकानांत, रेल्वेत, गिरण्यांत गेले होते. बांचे यजमान तीन-चार वर्षांतून एकदा यायचे, निळ्या कागदाची पत्रं मात्र नेमाने यायची. मराठी मुलगी इंदूरहून आलीय कळल्यावर बा हसून म्हणाल्या होत्या, “मग तू तर माळव्याची मेंदी!” आणि हे गाणं तिला शिकवलं. आजीला पहिली गुजराती ओळ आली ती ही. त्यानंतर दूधवाला, भाजीवाली, बाकी सगळी भाषा.

माळव्यात मेंदी खरोखर इतकी पिकते का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “कुंपणाला असते तेवढी. माळव्याचं खरं म्हणजे गहू, अफू आणि पाणी. पग पग रोटी, डग डग नीर.” आज बडोद्याच्या मंगळ बाजारात पुडीतली मेंदी घ्या, राजस्थानातल्या सोजतचं नाव त्यावर हमखास दिसेल. पाली जिल्ह्यातल्या त्या गावाच्या मेंदीला 2021 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. गाण्यातल्या माळव्याचा शेतीशी संबंध असेल नसेल, लांबचं गाव म्हणून तो आला असेल, असं मला वाटतं. पेरणारं एक गाव, रंगणारं दुसरं. सासरी जाणाऱ्या कुठल्याही मुलीला ही ओळ तिचीच वाटते. माझ्या आजीला तर ती अक्षरशः लागू होती.

आता पुढची गोष्ट. बघणारा परदेशी आहे म्हटल्यावर ती निरोप्या शोधते. लाख टके रोख देईन, कोणीतरी दर्यापार जा आणि त्या ‘माडु’ला सांगा. माडु म्हणजे माणूस, हा कच्छी शब्द. चरोतरच्या बाईच्या तोंडी कच्छी शब्द कसा आला, हे गाण्यालाच ठाऊक. असली गाणी बायकांबरोबर लग्नाच्या वऱ्हाडातून, जत्रेतून, माहेर-सासर करत फिरतात, जिथे थांबतात तिथला एखादा शब्द उचलतात.

निरोप काय? तुझ्या बहिणीचं लग्न आहे, घरी ये. उत्तर येतं, बहिणीचं लग्न होतंय तर होऊ दे, वऱ्हाड मोठं जमवा. मग दुसरा निरोप, तुझ्या भावाचं लग्न आहे, घरी ये. उत्तर तसंच. मग तिसरा, तुझी आई मरणाच्या दारी आहे, घरी ये. त्यावर तो म्हणतो, मेली तर मरू दे, बोरीच्या झाडाखाली जाळा.

इथे वाड्यातल्या बायका थांबायच्या. माझ्या आईला हे कडवं मुळीच सहन होत नसे. “आईला कोणी असं म्हणतं का? काढून टाका ते,” म्हणायची. आजी सोडायची नाही. पायरी गाळली तर वर कसं चढणार, असं तिचं म्हणणं.

आणि मग शेवटचा निरोप. तुझ्या लाडकीचे डोळे आलेत. गुजरातीत ‘आंख ऊठी’. मराठीत आपण अगदी तसंच ‘डोळे आले’ म्हणतो, ते लाल होऊन चिकटतात, पाणी गळतं, तेच. काही मोठं दुखणं नाही. आठ दिवसांत बरं होणारं. आणि हा माणूस, जो बहिणीच्या लग्नाला हलला नाही, आईच्या सरणाला हलला नाही, तो उठतो. ‘हालो सिपाही, हालो भाईबंध.’ चला रे शिपायांनो, चला दोस्तांनो, हत्यारं बांधा, आपल्या मुलखाला जाऊ. तेव्हा कुठे कळतं की तो फौजेत आहे. इतका वेळ गाण्याने ते सांगितलेलं नसतं.

मी विशीत हे पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. प्रेमाची किती गाणी आपण ऐकतो, त्यांत चंद्र असतो, पाऊस असतो, शपथा असतात. इथे मोजमाप दिलंय. तराजूच्या एका पारड्यात सख्खी बहीण, भाऊ आणि जन्मदाती, दुसऱ्या पारड्यात एका बाईचे चिकटलेले डोळे, आणि जड कोणतं हे उघड सांगितलंय. त्यात त्या माणसाचं कौतुक आहे असं मला वाटत नाही. बायकांनी बायकांसाठी रचलेल्या गाण्यात सासूच्या मरणाची ओळ अशी कोरडी येते, त्यात सून म्हणून सोसलेलंही बरंच असणार. प्रेम इतकं आंधळं आणि इतकं कठोर असतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते झाकलं नाही. आईला नको होतं तेच मला त्या गाण्यात सर्वांत खरं वाटतं.

मी आजीला विचारलं होतं, “तिचे डोळे खरंच आले होते का गं? की हाही निरोप त्याला आणण्यासाठी काढलेली युक्ती?”

आजी पाट्यावर मेंदी वाटत होती. वरवंटा न थांबवता म्हणाली, “खरंच आले असणार. वाट बघून बघून.”

ती मेंदी कशी करायची तेही इथे लिहून ठेवते, कारण कोन आल्यापासून हे कोणी करत नाही. ओली पानं देठ काढून निवडायची. पाट्यावर थोडा कात, लिंबाचा रस आणि चहाचं काळं पाणी शिंपडत शिंपडत वाटायची, इतकी की बोटांत चोळली तर रेघ लागता कामा नये. लोण्यासारखी झाली की वाटीत काढायची. वाटणारीचे हात तोवर अर्धे रंगलेलेच असत. नक्षी नाही. तळव्याच्या मधोमध एक मोठा गोल, त्याच्याभोवती काडेपेटीच्या काडीने ठिपके, आणि बोटांच्या टोकांना टोप्या. वाळत आली की साखर-लिंबाचं पाणी कापसाने टिपायचं. रात्री हातांवर जुनं फडकं बांधून झोपायचं. सकाळी पाणी लावायचं नाही, मोहरीचं तेल चोळून खरवडून काढायची. तेव्हा हात नुसते नारिंगी दिसतात आणि लहान मुली रडकुंडीला येतात. रंग चढतो तो दुसऱ्या दिवशी. पानातलं ते रंगद्रव्य कातडीत धरतं आणि हवेने हळूहळू गडद होत जातं, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकवताना समजलं. आजी फक्त म्हणायची, “थांब गं, अजून प्रवासात आहे तो.”

बा गल्लीतल्या सगळ्या पोरींचे हात रंगवायच्या, आमचेही. मी लहान असताना त्या साठीच्या असतील. सगळ्यांचं झाल्यावर वाटीला जे लागून राहिलेलं असे त्याचा एकच ठिपका त्या स्वतःच्या तळव्यावर लावत. तोवर त्यांचे यजमान कायमचे परत येऊनही वर्षं झाली होती, शेजारच्या झोपाळ्यावर बसून ते वर्तमानपत्र वाचत असायचे. तरी एकच ठिपका. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता रेकॉर्डविषयी. हे गाणं गावोगावच्या ओट्यांवरून सगळ्या देशात गेलं ते 1960 साली. ‘मेंदी रंग लाग्यो’ नावाचाच गुजराती चित्रपट आला, दिग्दर्शक मनहर रसकपूर, संगीत अविनाश व्यास. नायक राजेंद्र कुमार आणि नायिका आपल्या उषा किरण. वाड्यातल्या मराठी बायका तर उषा किरण आहे म्हणून झुंडीने गेल्या होत्या. गुजरात राज्य त्याच वर्षी 1 मे रोजी झालं होतं. बडोद्याच्या मराठी घरांत तेव्हा, आता आपण नक्की कुठले, अशी कुजबुज चालायची म्हणे. आणि अशा वेळी पडद्यावर मराठी नायिका आणि मागून लताबाईंचा आवाज, दोघी गुजरातीत. आजी सांगायची की चित्रपटगृहातून बाहेर पडताना बांनी तिचा हात हातात घेतला होता आणि दोघी पायी, काही न बोलता, सुरसागरच्या कडेने घरी आल्या होत्या.

लताबाईंचा जन्म इंदूरचा, 28 सप्टेंबर 1929. म्हणजे माळव्याची मेंदी गाणाराही गळा माळव्यातच उगवलेला. हे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, जणू लताबाई तिच्या माहेरच्या गल्लीतल्याच. त्यांचं आजोळ मात्र गुजराती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आईचे वडील थाळनेरचे शेठ हरिदास लाड. तापीकाठचं थाळनेर, आपल्या धुळे जिल्ह्यातलं. त्या आजोळच्या आजीकडून लताबाई लहानपणी पावागढचे गरबे शिकल्या होत्या. पावागढ बडोद्याहून जेमतेम 50 किलोमीटर. आता ही रेकॉर्ड लावली की ‘गुजरात रे’वर त्यांचा आवाज जो सहज उतरतो, त्यात मला ती आजी ऐकू येते. शिकवून आलेले उच्चार आणि मांडीवर बसून आलेले उच्चार यांत फरक असतो.

अविनाश व्यासांविषयी एक गंमत नेहमी माझ्या मनात येते. ‘ताळीओना ताले’ हा गरबा सगळे लोकगीत समजून गातात, प्रत्यक्षात तो व्यासांनी लिहिलेला, 1949 च्या ‘मंगल फेरा’ चित्रपटातला, गीता दत्तच्या आवाजातला. आणि ‘मेंदी ते वावी’ पुष्कळांना व्यासांचंच गाणं वाटतं, तर त्याचं मूळ ओट्यावरच्या बायकांचं. दोन्ही बाजूंनी सरमिसळ. व्यासांचा मोठेपणा मी यातच मानते. त्यांचं स्वतःचं आणि लोकांचं यांच्यातली शिवण दिसत नाही.

पण रेकॉर्डचं स्वतःचं एक माप होतं. दहा इंची तबकडी, मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं. त्यात मुखडा हवा, मधलं वाद्यसंगीत हवं. बहीण, भाऊ, आई, डोळे, शिपाई असा निरोपांचा सगळा प्रवास त्यात बसवणं अवघडच. बांच्या ओट्यावर हे गाणं पाच-सहा मिनिटं चालायचं, कोणी मध्ये चिवडा आणायला उठलं तर त्याहून जास्त. तबकडीने चाल घरोघर पोचवली, आकाशवाणीच्या अहमदाबाद-वडोदरा केंद्रावरून ती आमच्या स्वयंपाकघरात आली, आणि हळूहळू लोक तबकडीवर जेवढं होतं तेवढ्यालाच गाणं म्हणू लागले. मग नवरात्रीच्या कॅसेट आल्या. एका बाजूला सलग अर्धा तास, गाण्याला गाणं जोडलेलं, कुठेही श्वास नाही. त्यात आपल्या मेंदीच्या वाट्याला दोन कडवी. मग सीडी, मग कीबोर्ड आणि ड्रमवाली, आणि आता रिळं, ज्यांत फक्त मुखडा असतो आणि एका मुलीचे कोपरापर्यंत रंगवलेले हात.

त्या सगळ्यांवर माझा राग नाही. ठेका सुरू झाला की खुर्चीत बसल्या बसल्या माझी पावलं हलतातच. काही वर्षांपूर्वी एका आयोजकांना मी भेटले होते, म्हटलं, एक रात्र हे गाणं अख्खं होऊ द्या, मी शब्द लिहून देते. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, “बेन, आईच्या मरणावर पब्लिक टाळ्या कशा वाजवणार?” मी गप्प बसून घरी आले. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. गोल फिरत, घामाघूम होऊन ऐकायचं ते गाणंच नव्हे. ते हात बांधून बसलेल्या बायकांचं गाणं आहे. हातांवर मेंदी आहे, उठता येत नाही, काही कामाला हात लावता येत नाही, तासभर बसून राहायचंय. तेवढा वेळ भरणारी गोष्ट त्यात आहे. मेंदीचे हातच गेले तर गोष्टीला बसायला जागा उरत नाही.

आमच्या भोंडल्यालाही थोडं असंच झालं. दांडिया बाजारात दुपारी भोंडला आणि रात्री शेरी गरबा असायचा. दुपारी पाटावर हत्ती, त्याच्याभोवती ‘ऐलमा पैलमा’, खिरापत ओळखायची. रात्री त्याच मुली चणिया चोळी घालून गल्लीत. बा दुपारी आमच्या फेरात यायच्या आणि ‘श्रीकांता कमलकांता’चे उच्चार त्यांना जमायचे नाहीत, पण हसू आवरत नसे. रात्री आजी त्यांच्या फेरात. दोघींचीही गाणी सासर-माहेरची, लांबलचक, कडव्यागणिक एकेक माणूस वाढवत नेणारी.

आजी 1991 साली गेली. बा तिच्या आधी दोन वर्षं. वाडा आता नाही, दोन्ही ओटले नाहीत, तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट आहेत.

तर काल दुपारी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि गाणं सुरुवातीपासून म्हटलं. आवाज आता वर जात नाही म्हणून पेटीवरच्या काळी दोनऐवजी खालची पांढरी सहा धरली. आजीची चाल लताबाईंच्या चालीपेक्षा संथ, ओवीच्या जवळची, ‘रे’वर जरा जास्त रेंगाळणारी. ‘जोनारो परदेश’ला आले आणि एकदा थांबावं लागलं. मग परत धरलं. आईचं कडवं म्हटलं. आई आज असती तर स्वयंपाकघरातून नक्की ओरडली असती. शेवटी शिपाई निघतात तिथे आजी लय किंचित वाढवायची, तेही जमलं. मोजून पाच मिनिटं चाळीस सेकंद.

ते रात्री भाचीला पाठवलं. तिकडे तेव्हा सकाळ. तासाभराने तिचा आवाजी निरोप आला. आधी बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, “आत्या, तो पोचतो का गं शेवटी?”

गाण्यात ते नाही. तो निघतो एवढंच आहे. मी तिला तसंच कळवलं.

मग दुसरा निरोप, “बरं. आणि डोळ्यांच्या कडव्यात मागे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आलीय. तेवढं एक परत पाठवशील?”

उद्या सकाळी साडेपाचला म्हणणार आहे. तेव्हा इमारतीत कोणी डाळ लावत नाही.